या एकदा घरी

जर्मन माणसाला ‘या एकदा घरी’ असं म्हणू नये. तो येतो.

आधी ‘कधी?’ असं विचारतो आणि उभ्या उभ्या फोनमधलं कॅलेंडर उघडतो. ‘हा आठवडा भरलाय. पुढच्या मंगळवारी कॉयरची तालीम, शनिवारी आईकडे जायचंय. त्याच्या पुढचा गुरुवार कसा आहे तुला? साडेसात?’ इतक्या लांबच्या गुरुवाराशी आपला परिचयच नसतो, तो कसा आहे हे आपण काय सांगणार? पण नाही म्हणायला कारण लागतं, म्हणून आपण हो म्हणतो. मधल्या काळात तो आठवणही करून देत नाही, कारण ठरलं ते ठरलं. त्या गुरुवारी साडेसाताला बेल वाजते तेव्हा फुलं घेऊन तो दारात उभा असतो, आणि आपण केसांना तेल लावून बसलेलो असतो.

आपल्याकडे ‘या एकदा घरी’ हा निरोप घेण्याचा प्रकार आहे. मंगल कार्यालयाच्या बाहेर, चपला शोधता शोधता तो उच्चारायचा असतो. समोरच्याने ‘आता तुमची पाळी’ म्हणून परतफेड केली की दोन्ही पक्ष समाधानाने आपापल्या रिक्षात बसतात. यात फसवणूक नसते. ज्याला खरंच यायचं असतं तो आमंत्रणासाठी थांबत नाही. ‘इकडे काम होतं, म्हटलं डोकवावं’ असं म्हणत येतो, चहा नको नको म्हणतो आणि जेवून जातो. साताऱ्याला आमच्या घरी अशा डोकावणाऱ्यांसाठी कुकरला नेहमी एक वाटी तांदूळ जास्त लागायचा. कोणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात व्हायचा, आणि तो मला इतका आवडायचा की पाहुणे न आलेलेच बरे, असं लहानपणी माझं मत होतं.

पीएचडीसाठी मी ग्योटिंगेनला आले. जर्मनीच्या बरोब्बर मध्यावर म्हणता येईल असं लाख-सव्वा लाख वस्तीचं हे गाव १७३७ साली सुरू झालेल्या विद्यापीठाभोवती वसल्यासारखं वाटतं. पुण्याशी त्याचं जुनं नातं आहे. डेक्कन कॉलेजात १८६६ पासून १८८१ पर्यंत संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न मायदेशी परतले ते इथे प्राध्यापक म्हणून, आणि १९०८ साली वारले तेही इथेच. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती अभ्यासक अजून हाताशी ठेवतात. मला त्यांच्याबद्दल वेगळंच कुतूहल आहे. पंधरा वर्षं पुण्यात, शास्त्रीमंडळींच्या सहवासात काढलेला हा माणूस इथे आल्यावर रविवारी दुपारी दारावरच्या थापेकडे कान लावून बसत असेल का? की पुण्यातल्या दुपारच्या झोपेची सवय लागल्यामुळे त्याला उलट बरंच वाटलं असेल?

रा. गो. भांडारकरांना तर याच विद्यापीठाने १८८५ साली सन्मान म्हणून पीएचडी दिली. पदवी मिळवण्याची ही पद्धत मला फार सोयीची वाटते. त्यांना खोली शोधावी लागली नाही, की नव्या घरात आल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायला धावावं लागलं नाही.

मला लागलं. इथे विद्यार्थी तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेतात. प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. एक खोली रिकामी झाली की उरलेले जण नव्या माणसाची मुलाखत घेतात, आणि ती मुलाखत म्हणजे अगदी कांदेपोह्यांचा कार्यक्रम. पोह्यांच्या जागी आल्याचा काढा असतो, एवढाच फरक. ‘सकाळी किती वाजता उठतेस?’ ‘स्वयंपाक येतो का?’ ‘छंद काय?’ ‘एकमेकांत मिसळून राहायला आवडेल की आपापलं?’ वेगळ्याच प्रसंगासाठी घरच्यांनी माझ्याकडून घोटून घेतलेली उत्तरं मी इथे खर्च करून टाकली. मग ते ‘कळवतो’ म्हणायचे. काही ठिकाणांहून नकार आले, पण पत्रिकेचं कारण कुणी पुढे केलं नाही. शेवटी एका घराने मला पसंत केलं. वनशास्त्र शिकणारी एक मुलगी आणि चर्चच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारा एक मुलगा, अशा त्या घरात मी नांदायला गेले.

घर अत्यंत न्यायी होतं. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा, दुधाच्या खोक्यावर नाव, सफाईच्या पाळ्यांचं वेळापत्रक दाराला चिकटवलेलं. घरात टीव्ही असो वा नसो, इथे दर घरामागे रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरावी लागते, महिना १८ युरो ३६ सेंट. आम्ही तिघं असल्यामुळे प्रत्येकी ६ युरो १२ सेंट, बाकी शून्य. अशा निःशेष भागाकारावर आमचं सहजीवन उभं होतं.

फोडणीला मात्र तिघांनी भागता येत नाही, ती प्रत्येकाला पूर्ण मिळते. पहिल्यांदा मी तेलात मोहरी-हिंग टाकला तेव्हा छतावरचा धुराचा भोंगा केकाटला. इतिहासवाला खोलीतून आला, खुर्चीवर चढला, भोंगा बंद केला, खिडकी सताड उघडली, घड्याळाकडे बघत ऐन जानेवारीची थंडी पाच मिनिटं घरात घेतली, खिडकी लावली आणि काही न बोलता परत गेला. तेव्हापासून हा आमचा नित्यक्रम झाला. बोळात टांगलेल्या कोटांना हिंगाचा वास लागला. तो चर्चच्या दप्तरखान्यात कागद चाळायला जायचा तेव्हा आमची आमटी त्याच्याबरोबर जायची. तक्रार नाही, कौतुक नाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं.

एकदा सर्दी-तापाने मी पांघरुणात पडून होते. संध्याकाळी दारावर टकटक झाली. मौनीबाबा बाहेरूनच म्हणाले, ‘दोन दिवस तो वास आला नाही. बरी आहेस ना?’ मी हो म्हटलं तसे पावलांचे आवाज दूर गेले. थोड्या वेळाने दार उघडलं तर उंबऱ्यावर काढ्याचा थर्मास, एक लिंबू आणि दोन रस्क. मला आत कुणी विचारपूस करत बसलेलं हवं होतं, आणि आजारी माणसाला एकटं सोडणं हीच इथली विचारपूस होती.

सुरुवातीला मला या माणसांची उणीव फारशी जाणवलीही नाही, कारण मी खऱ्या अर्थाने इथे राहतच नव्हते. इरावती कर्वे १९२८ साली पीएचडीसाठी बर्लिनला आल्या तेव्हा घरचं पत्र बोटीने यायला आठवडे लागत. बोलायचं तर समोर असेल त्याच्याशी, आणि तेही जर्मनमध्ये. माझ्या खिशातल्या फोनमध्ये सगळा सातारा होता. भाजीवाल्याने आज मेथी कितीला दिली इथपासून शेजारच्यांच्या सुनेचा डोहाळेजेवणाचा मेन्यू काय होता इथपर्यंत सगळं मला ठाऊक. खालच्या मजल्यावर कोण राहतं, ते मात्र ठाऊक नाही. आईच्या लक्षात हे आधी आलं. ‘तिथे कुणी नाही का गं बोलायला?’ असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला. आमच्या घरात फोन ठेवणं ही फार मोठी शिस्तभंगाची कारवाई समजली जाते.

मग मी ठरवून माणसांत जायला लागले. विद्यापीठात हे त्या मानाने सोपं. वक्तशीर म्हणून जगभर नाव कमावलेल्या या देशाने विद्यापीठात एक खिडकी उघडी ठेवली आहे. वेळापत्रकात तासाच्या वेळेपुढे ‘सी.टी.’ ही अक्षरं असली तर दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, आणि तो उशीर समजला जात नाही. हा नियम कळला तेव्हा मला पहिल्यांदा इथे घरच्यासारखं वाटलं. व्याख्यान संपल्यावर टाळ्या वाजत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकं ठोकतात. पावणेबाराला खोल्याखोल्यांतून ‘जेवायला?’ अशी हाक फिरते आणि सगळा विभाग भोजनगृहाकडे निघतो. माझा सगळा लोकसंग्रह त्या ताटांच्या रांगेत झाला आहे. न बोलवता ज्यात सामील होता येतं असं जर्मनीतलं माझ्या माहितीतलं हे एकमेव जेवण.

बाहेर हॉटेलात गेलं की कथा वेगळी. आपल्याकडे बिल आलं की निदान दोघांनी तरी झटापट करावी, एकाने दुसऱ्याचा हात धरावा, ‘अहो, हे काय, मी बोलावलंय’ म्हणावं, आणि हरलेल्याने ‘पुढच्या वेळी मात्र ऐकणार नाही’ असा इशारा द्यावा, अशी रीत आहे. इथे वाढपी मोठं पाकीट घेऊन उभा राहतो आणि ‘एकत्र की वेगवेगळं?’ असं विचारतो. मग एकेक जण आपलं सूप, आपली बिअर, आपला बटाटा कबूल करतो. पैसे देऊन झाले की कुणी कुणाचं देणं लागत नाही. सुटसुटीत आहे. पण पुढच्या भेटीला निमित्त म्हणून थोडंसं देणं शिल्लक ठेवायची आपली युक्ती इथे चालत नाही.

वाढदिवसाची उठाठेव तर पूर्ण उलटी. आपल्याकडे वाढदिवस असलेल्या माणसाने पाटावर बसायचं, बाकीच्यांनी ओवाळायचं, लाडू भरवायचा. इथे ज्याचा वाढदिवस त्याने स्वतः केक भाजून ऑफिसात आणायचा, सगळ्यांना मेल पाठवायची आणि बशाही विसळायच्या. जन्माला आल्याबद्दल नुकसानभरपाई दिल्यासारखं वाटतं. माझ्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी अशीच केकचं पीठ कालवत होते. हिवाळ्यात भारताचं घड्याळ इथल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं, त्यामुळे साताऱ्यात मध्यरात्र झाली तेव्हा इथे साडेसात वाजले होते. फोनवर आई, बाबा, आत्या, आत्याच्या मांडीवरचं बाळ, सगळे गाऊ लागले. वनशास्त्रवाली तिथेच पाव कापत होती. तिच्या हातातली सुरी थांबली. ‘त्यांना सांग, थांबा म्हणावं! अजून तारीख आली नाही!’ वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं इथे अपशकुन मानतात. तर्कशुद्ध म्हणून मी जिच्याकडे आदराने बघायची, ती मुलगी हवालदिल झाली होती. मी तिला समजावलं की भारतात तारीख लागली आहे. तिने हिशोब केला, तो तिला पटला, पण मन काही मानेना. शेवटी तीच म्हणाली, ‘ठीक आहे, त्यांच्या शुभेच्छा तिथल्या तुझ्यासाठी.’ आणि रात्री बाराच्या ठोक्याला माझं दार वाजवून तिने इथल्या माझ्यासाठी वेगळ्या दिल्या. त्यासाठी रोज दहाला झोपणारी ती मुलगी जागी राहिली होती.

तिथल्या मला आणि इथल्या मला पहिल्यांदा एकत्र बसवलं ते गणपतीने. आजूबाजूच्या गावांतली मराठी मुलं-मुली मिळून दीड दिवसाचा गणपती बसवायचं ठरलं. आमचं घर सगळ्यांना मध्यवर्ती. इथे घरी आवाज होणार असेल तर आधी जिन्यात चिठ्ठी लावतात. ‘शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे हत्तीचं मुख असलेल्या देवाचा उत्सव आहे. थोडी गाणी आणि झांजा वाजतील. दहाच्या आत संपेल. त्रासाबद्दल क्षमस्व. आपणही जरूर यावं.’ शेवटचं वाक्य मी साताऱ्याच्या सवयीने लिहिलं.

शनिवारी सातला बेल वाजली. तळमजल्यावरच्या आजी, इस्त्रीचा ब्लाउज, गळ्यात मोत्यांची माळ, हातात कुंडी. आमच्यातलं कोणी अजून आलेलं नव्हतं. मी एका हाताला उकड लागलेली अशी एकटीच. पुढची चाळीस मिनिटं आजी आणि गणपती समोरासमोर बसले होते. मी मधून मधून स्वयंपाकघरातून डोकावत होते. दोघांचंही बरं चाललेलं दिसत होतं. मंडळी जमली, आरत्या सुरू झाल्या. आजी तरुणपणापासून कॉयरमध्ये गाणाऱ्या, त्यामुळे कान तयार. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन निरीक्षण नोंदवलं, ‘ज्यांना शब्द येत नाहीत ते सर्वांत मोठ्याने गातात. आमच्या चर्चमध्येही असंच असतं.’ मोदक त्यांनी सुरी-काट्याने खाल्ला, आणि कळ्यांची संख्या सारखी का नाही असं विचारलं. जगात कुठल्याही गावी गेलं तरी मोदकाच्या कळ्या मोजणारी आजी भेटतेच.

विसर्जन बादलीत झालं. दुसऱ्या दिवशी निर्माल्याची पिशवी घेऊन मी कचऱ्याच्या डब्यांपाशी विचारात उभी होते. इथे कागद वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, काच वेगळी, आणि काच रविवारी टाकायची नाही, कारण खणखणाट होतो. देवाची फुलं कुठल्या वर्गात मोडतात ते कुठे लिहिलेलं नव्हतं. आजी खिडकीतून बघत होत्या. त्या बाहेर आल्या. फुलं, दुर्वा आणि पत्री त्यांनी जैविक कचऱ्यात घालायला लावली आणि हारातला दोरा स्वतः ओढून काढून वेगळ्या डब्यात टाकला. आमच्या साताऱ्याच्या गुरुजींनीही इतक्या काटेकोरपणे उत्तरपूजा सांगितली नसती.

रविवारी इथे दुकानं बंद असतात. विश्रांतीच्या या दिवसाला घटनेचंच संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम आजच्या घटनेने जसंच्या तसं पुढे चालू ठेवलं. खरेदी नाही, भिंतीला भोक पाडणं नाही, तेव्हा माणूस काय करतो? फिरायला जातो. ग्योटिंगेनच्या जुन्या तटाच्या जागी आता झाडांखालची पायवाट आहे, ती गावाला प्रदक्षिणा घालते. वाटेत एक छोटं गोल घर लागतं. १८३३ साली कायदा शिकणारा बिस्मार्क तिथे राहत होता, कारण त्याच्या दंग्यांमुळे त्याला गावाच्या आत राहायला मनाई होती. पुढे ज्याने साऱ्या जर्मनीला एका छताखाली आणलं, त्याला तेव्हा गावात छत मिळेना, हे ऐकून खोली शोधणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला धीर येतो.

या तटावर ‘रविवारी तीनला’ असं ठरवून दोघं जण चालतात. पहिल्या फेरीत हवा, प्रबंध, प्राध्यापक. मी या फेरीलाच कंटाळून घरी जायची. दुसऱ्या फेरीला थांबलं पाहिजे, हे मला उशिरा समजलं. दुसऱ्या फेरीत आवाज खाली येतो. वनशास्त्रवालीच्या वडिलांचं आजारपण मला दुसऱ्या फेरीत कळलं, आणि मौनीबाबांना चर्चमध्ये जाणं कधीच सोडल्याची खंत आहे हेही. ही माणसं बोलत नाहीत असं नाही. बोलण्यासाठी आधी जागा मोकळी करतात. ती गुरुवारची नोंद, ती तीनची वेळ म्हणजे त्या वेळेपुरतं बाकीच्या जगाला दिलेला नकार असतो. आपण दार उघडं ठेवतो आणि येईल त्याला आपल्या धांदलीत सामील करून घेतो. ते धांदल बाजूला सारून मग दार उघडतात. माया दोन्हीकडे आहे. आपल्याकडे तिच्यासाठी वाटीभर तांदूळ जास्त लागतो, इथे एक रिकामी संध्याकाळ लागते. पैकी रिकामी संध्याकाळ मिळणं अधिक कठीण, हे प्रबंध लिहू लागल्यावर मलाही पटलं आहे.

मौनीबाबांना डॉक्टरेट मिळाली त्या दिवशी या मायेचा लेखी पुरावाच समोर आला. इथल्या जुन्या नगरभवनासमोरच्या कारंज्यावर १९०१ पासून हंस सांभाळणाऱ्या मुलीचा एक पुतळा आहे. नव्या डॉक्टरने वर चढून तिला फुलं द्यायची आणि तिच्या गालाचं चुंबन घ्यायचं, अशी प्रथा. १९२६ साली शहराने त्यावर बंदी घातली. एक विद्यार्थी त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि हरला. प्रथा मात्र हरली नाही. मिरवणूक हातगाडीतून निघते आणि डोक्यावर टोपी असते ती मित्रमंडळींनी घरी बनवलेली. त्या टोपीवर त्या माणसाचं सगळं चरित्र चिकटवलेलं असतं.

टोपी बनवायला आम्ही आठ जण जमलो, अर्थातच महिनाभर आधी ठरवून. प्रत्येकाने काही ना काही आणलं होतं. एकाने पुठ्ठ्याचं चर्च, कारण प्रबंध. एकीने तुटलेली पेन्सिल, कारण विचार करताना तो पेन्सिली चावतो. कुणी छोटी खिडकी केली होती, तिला उघडझाप करणारं दार होतं. आणि ज्याच्याशी माझी भोजनगृहाच्या रांगेत तेवढी ओळख होती अशा एका मुलाने झाकण लावलेली पिटुकली बाटली आणली होती. तिच्यात हिंग होता. ‘त्याच्या कोटाला येतो ना,’ तो म्हणाला. इतकी वर्षं या लोकांनी एकमेकांना एक खाजगी प्रश्न विचारला नव्हता, आणि कुणाच्या नजरेतून काही निसटलं नव्हतं.

माझा प्रबंध दुसऱ्या प्रकरणात रुतला आहे. माझ्या टोपीसाठी मात्र सामान जमायला लागल्याची मला कुणकुण आहे. परवा वनशास्त्रवाली माझ्या पोळपाटाची लांबी-रुंदी घेताना सापडली, आणि विचारलं तर ‘सहज’ म्हणाली. मीही गप्प बसलेले नाही. समोरच्या टेबलावरची मुलगी सफरचंद देठासकट खाते, कोपऱ्यातला मुलगा आकडे चुकले की फिनलंडच्या हवामानाला शिव्या देतो, आणि आमच्या प्राध्यापकांच्या दोन मोज्यांचे रंग दर सोमवारी वेगळे असतात. प्राध्यापकांना टोपी मिळत नाही, पण माहिती असलेली बरी. संशोधनाला लागणारी शिस्तबद्ध निरीक्षणशक्ती माझ्यात नाही असं ज्या मार्गदर्शक बाईंचं मत आहे, त्यांना ही वही दाखवावी म्हणते. सोमवारी भेटीची वेळ मिळते का बघते.